पुण्यातून रिमोट काम घेऊन परदेशी राहायला जाताना: व्हिसाचे कागद कोणत्या क्रमाने जमवायचे

डिसेंबर २०२३ मध्ये माझी फाईल तयार होती. पोर्तुगालच्या रिमोट कामाच्या व्हिसाला महिन्याला ३,०४० युरो उत्पन्न लागत होतं आणि माझी तीन महिन्यांची सरासरी ३,१५० भरत होती. अपॉइंटमेंट मात्र जानेवारीची मिळाली. ही अट तिथल्या किमान वेतनाच्या चौपट अशी बांधलेली आहे. एक जानेवारीला किमान वेतन ७६० वरून ८२० युरो झालं आणि अट ३,२८० वर गेली. मी १३० युरोंनी कमी पडले. नवं कॉन्ट्रॅक्ट होईपर्यंत चार महिने गेले. तोवर पीसीसी (पोलिसांचा दाखला) जुनी झाली, बँकेची स्टेटमेंटं जुनी झाली, विम्याच्या तारखा उलटून गेल्या.

दुसऱ्या खेपेला तीच फाईल सहा आठवड्यांत उभी राहिली, कारण कोणता कागद कधी काढायचा हे तोवर कळलं होतं. वर्षभर लिस्बनजवळ राहून मी २०२५ च्या पावसाळ्यानंतर कोथरूडला परत आले. तेव्हापासून हिंजवडी-खराडीतले ओळखीचे लोक फोन करून एकच प्रश्न विचारतात: सुरुवात कुठून करू? माझं उत्तर असं: ज्या कागदाला मुदत नाही तो आजच काढा, ज्याला मुदत आहे तो शेवटी काढा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. आधी ठरवा, तुम्ही कागदावर कोण आहात

रिमोट काम करणारे आपण सगळे स्वतःला एकाच माळेत धरतो, पण व्हिसा अधिकाऱ्याला तीन वेगळी माणसं दिसतात: कंपनीच्या पगारपत्रकावर असलेला नोकरदार, परदेशी ग्राहकांना बिलं पाठवणारा फ्रीलान्सर आणि स्वतःच्या कंपनीतून पगार घेणारा. तिघांचे कागद वेगळे.

नोकरदार असाल तर पहिली अडचण घरातलीच, म्हणजे तुमची कंपनी. ‘चालेल, कुठूनही काम कर’ असं मॅनेजर चहा पिताना म्हणाला म्हणून फाईल पुढे जात नाही. कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र लागतं. त्यात तुमचं पद, पगार, रुजू झाल्याची तारीख आणि ‘अमुक देशात राहून काम करायला परवानगी आहे’ हे वाक्य हवं. देशाचं नाव नसलेलं मोघम पत्र परत येतं.

एचआर हे वाक्य लिहून द्यायला कचरतं, त्याला कारण आहे. तुम्ही तिकडे बसून काम केलंत तर कंपनीचा तिथे व्यवसाय आहे असं धरून तो देश कंपनीकडे कर मागू शकतो. शिवाय अनेक ग्राहकांच्या करारात माहिती भारताबाहेर उघडायची नाही अशी अट असते. म्हणून राजीनाम्याची धमकी देऊ नका, वेळ द्या. कंपनीच्या कर सल्लागाराचं मत येईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात, तेव्हा हे पत्र सगळ्यात आधी मागायला घ्या. मिळालं की एचआरला विचारून ठेवा, सादर करायच्या आधी ते ताज्या तारखेचं करून मिळेल का.

स्पेनचा विचार करणाऱ्या नोकरदारांनी इथे थोडं थांबावं. तिथे सामाजिक सुरक्षेची वर्गणी कुठे भरणार हा प्रश्न येतो. भारताचा ज्या देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यांच्यासाठी आपलं ईपीएफओ ‘पीएफ भारतातच चालू आहे’ असं प्रमाणपत्र देतं. पोर्तुगालशी असा करार आहे. २०२४ मध्ये मी पाहिलं तेव्हा स्पेनशी नव्हता, आणि माझ्या माहितीतल्या पुण्याच्या दोन नोकरदारांचे अर्ज याच मुद्द्यावर अडकले. फ्रीलान्सरना स्पेन त्या मानाने सोपा पडतो. ते तिथे स्वयंरोजगारी म्हणून स्वतःची नोंदणी करतात आणि वर्गणीही स्वतःच भरतात.

२. टुरिस्ट व्हिसावर लॅपटॉप उघडायचा मोह टाळा

‘कोण बघतंय?’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो ऐकू नका. पर्यटक म्हणून शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पूर्वी ही मोजणी पासपोर्टवरचे शिक्के बघून व्हायची. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेऊन संगणकीय नोंद सुरू झाली. एक दिवस जास्त राहिलात तरी ते दिसणार, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसाच्या वेळी समोर येणार.

काही देशांनी मात्र आपणहून दार किलकिलं केलंय. ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४ पासून भेटीच्या व्हिसावर आलेल्यांना परदेशातल्या नोकरीचं काम दुरून करू दिलंय, पण येण्याचा मुख्य हेतू भेट किंवा पर्यटन हाच असायला हवा. न्यूझीलंडने २७ जानेवारी २०२५ पासून अशीच सवलत दिली. एखाद-दोन महिनेच जायचं असेल तर हे पुरतं. घर भाड्याने घेऊन वर्षभर राहायचं असेल तर नाही.

३. देश निवडताना आधी उत्पन्नाची अट, मग समुद्रकिनारा

पोर्तुगालचा हा व्हिसा ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी सुरू झाला. त्याची अट कशी चढत गेली बघा: २०२३ मध्ये ३,०४० युरो, २०२४ मध्ये ३,२८०, २०२५ मध्ये ३,४८०, आणि २०२६ मध्ये किमान वेतन ९२० झाल्यामुळे ३,६८०. त्यात रुपया घसरतोय. युरो ९० रुपये असताना ३,०४० म्हणजे पावणेतीन लाखांच्या आत होते. आता शंभरने धरलं तरी ३,६८० म्हणजे तीन लाख अडुसष्ट हजार झाले, महिन्याला. ज्यांचा पगार रुपयांत आहे त्यांच्यासाठी ही भिंत दोन्ही बाजूंनी उंच होते.

स्पेनची अट तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट. शिवाय पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, सध्याच्या कंपनीशी किंवा ग्राहकाशी किमान तीन महिन्यांचं नातं, आणि ती कंपनी किमान एक वर्ष चालू असलेली. फ्रीलान्सरला स्पॅनिश ग्राहकांचंही काम घेता येतं, पण एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आत. एस्टोनियाने असा व्हिसा १ ऑगस्ट २०२० लाच आणला होता, पण तिथली अट ४,५०० युरोंची आहे.

युरोप झेपत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, जवळचे पर्याय चांगले आहेत. दुबईच्या रिमोट व्हिसाला महिन्याला ३,५०० डॉलर उत्पन्न लागतं आणि तो वर्षाचा असतो. मलेशियाची ‘डी रान्ताऊ’ योजना ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आयटीवाल्यांना वर्षाला २४,००० डॉलर, बाकीच्यांना ६०,००० डॉलर. त्यामुळे तुमच्या पदाचं नाव कोणत्या गटात बसतं हे आधी तपासा. मॉरिशसला महिन्याला १,५०० डॉलर पुरतात.

थायलंडचा डीटीव्ही व्हिसा जुलै २०२४ मध्ये आला. तो पाच वर्षांचा असतो आणि एका वेळी १८० दिवस राहता येतं. तिथे खात्यात ५ लाख बाट शिल्लक दाखवावी लागते, त्यामुळे ज्यांचं उत्पन्न दर महिन्याला कमी-जास्त होतं त्यांना तो सोयीचा. १ जानेवारी २०२५ पासून भारतातून थायलंडच्या व्हिसाचा अर्ज ऑनलाइनच होतो. थायलंडमध्ये शिरून मग डीटीव्ही काढू असा बेत मात्र करू नका, अर्ज बाहेरूनच करायचा असतो.

एक दार आपल्याला बंद आहे तेही सांगते, कारण त्यापायी लोकांचे आठवडे वाया जातात. जपानने ३१ मार्च २०२४ पासून सहा महिन्यांचा असा व्हिसा दिलाय, वार्षिक १ कोटी येन उत्पन्नावर. पण तो ठरावीक देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. कुठल्याही देशाची अट वाचताना पहिली ओळ उत्पन्नाची वाचू नका, ‘कोणत्या नागरिकांना’ ही वाचा.

४. नियम कसे वाचायचे

यूट्यूबवरचा व्हिडिओ आठ महिन्यांपूर्वीचा असतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची यादी दोन वर्षांपूर्वीची. एजंटची यादी तर अनेकदा दुसऱ्याच देशाची असते. तीन ठिकाणं बघा: त्या देशाच्या सरकारचं संकेतस्थळ, भारतातल्या त्यांच्या दूतावासाचं पान, आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राची कागदांची यादी. तिघांत फरक दिसला तर दूतावासाला ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर छापून फाईलला लावा. माझ्या फाईलमधल्या अशा एका छापील ईमेलमुळे खिडकीवरचा वाद दोन मिनिटांत मिटला.

दर वेळी पान पीडीएफमध्ये साठवून ठेवा, नावात तारीख घालून. महिन्याने पुन्हा साठवा. दोन्ही शेजारी ठेवले की काय बदललं ते लगेच कळतं. आणि ज्या देशाची अट किमान वेतनाला बांधलेली आहे तिथे डिसेंबर-जानेवारीची अपॉइंटमेंट घेताना पुढच्या वर्षाचा आकडा धरूनच हिशोब करा. माझी चूक नेमकी इथेच झाली होती. अटीपेक्षा दहा टक्के तरी उत्पन्न जास्त दिसायला हवं, असं मी आता सगळ्यांना सांगते.

५. नावांचा घोळ आधी सोडवा

याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि नेमकं हेच सगळे शेवटावर टाकतात.

आपल्या महाराष्ट्रातल्या नावांची पद्धत परदेशातल्या फॉर्मला कळत नाही. विद्यापीठाच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि मार्कलिस्टवर आईचं नावही वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर तुमचं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. बँकेत नुसतं नाव-आडनाव. पॅनवर आणखी काही. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर पदवी माहेरच्या नावाची, पासपोर्ट सासरच्या नावाचा आणि जुन्या नोकरीचं पत्र भलत्याच नावाचं. माझ्या फाईलमध्ये मी चार वेगवेगळ्या नावांची होते.

असं करा. एका कागदावर पासपोर्टवरचं नाव अक्षरशः उतरवून घ्या, इंग्रजी स्पेलिंगसकट. तेच तुमचं खरं नाव समजा. मग एकेक कागद त्याच्याशी ताडून बघा. बँक, पॅन आणि कंपनीचं पत्र बदलून घेता येतं, ते बदला. पदवी बदलत नाही, तिच्यासाठी ‘ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर नोटरीकडून करून घ्या. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात हे काम एका सकाळीत होतं. लग्नाने नाव बदललेल्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा, आणि इतर कारणाने बदललं असेल तर गॅझेटची प्रत. ‘य’ आणि ‘व्ह’च्या स्पेलिंगकडे नीट बघा, एका जास्तीच्या ‘एच’ने माझ्या मैत्रिणीचा अर्ज तीन आठवडे लांबला.

जन्मदाखला काढून डोळ्यांखालून घाला. जुन्या दाखल्यांत बाळाचं नावच नसतं, फक्त आईवडिलांची नावं आणि तारीख. मग महापालिकेत जाऊन नाव घालून घ्यावं लागतं. गावी जन्म झाला असेल तर ग्रामपंचायतीत किंवा तालुक्याला फेरी होते. त्यासाठी एखादी सुट्टी आत्ताच राखून ठेवा.

पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. तुमची पदवी त्याआधीची आणि ट्रान्सक्रिप्ट नंतरचं असेल, तर दोन विद्यापीठं नाहीत, एकच आहे, हे सांगणारं दोन ओळींचं निवेदन सोबत ठेवा.

६. अपोस्टिल: कोणते कागद, कोणत्या वाटेने

अपोस्टिल म्हणजे आपला कागद खरा आहे अशी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची ग्वाही. हेग करारातल्या देशांत ती चालते, आणि भारत त्या करारात २००५ पासून आहे. संयुक्त अरब अमिराती त्यात नाही, म्हणून तिकडच्या कागदांना परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात.

मंत्रालयाच्या खिडकीवर आपण स्वतः कागद देऊ शकत नाही, नेमून दिलेल्या एजन्सींमार्फतच ते जातात. सरकारी शुल्क कागदामागे अवघं ५० रुपये आहे. एजंट हजारांत मागतो ती त्याची मजुरी, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून मगच द्या. पदवीचा कागद आधी राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून प्रमाणित व्हावा लागतो, जन्म-विवाहाचे दाखलेही राज्य शासनाकडून जातात. पासपोर्ट कार्यालयाने दिलेल्या पीसीसीला ही मधली पायरी लागत नाही.

मूळ कागद एजंटला देताना त्याची सहीची पावती घ्या आणि प्रत्येक पानाचं स्कॅन आधी करून ठेवा. यादीत नसलेल्या कागदावर अपोस्टिल करू नका. मी पहिल्या वेळी उत्साहाच्या भरात दहावीच्या मार्कलिस्टवरसुद्धा करून घेतलं, कुणी पाहिलंही नाही.

७. मुदतीचे कागद शेवटच्या सहा आठवड्यांत

इथून पुढे घाई करायची. अपॉइंटमेंटची तारीख हातात आली की मगच हे कागद काढा.

पीसीसी म्हणजे पोलिसांचा दाखला, पण तो पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून काढायचा. शुल्क ५०० रुपये. पुण्यात पासपोर्ट सेवा केंद्र मुंढव्याला आहे. पुणे पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हा वेगळा कागद आहे, तो नोकरीसाठी लागतो. दोन्हींना लोक बोलताना पीसीसीच म्हणतात, म्हणून अर्ज करताना गल्लत होते. पासपोर्टवरचा पत्ता नगरचा आणि तुम्ही राहता वाकडला असं असेल तर पोलीस पडताळणी होते, चौकीतून फोन येतो, दिवस वाढतात. भाडेकरार आणि वीजबिल तयार ठेवा. काही देश तीन महिन्यांच्या आतली पीसीसी मागतात, काही सहा, यादीत बघा. दुसऱ्या एखाद्या देशात वर्षाहून जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो, आणि तो मिळवायला वेळ लागतो, म्हणून त्याचा अर्ज मात्र लवकर करा.

बँक स्टेटमेंट शाखेत जाऊन शिक्का मारून घ्या. त्यात एकदम येऊन पडलेली मोठी रक्कम असेल तर तिचा खुलासा जोडा. घरच्यांकडून उसने पाच लाख आदल्या आठवड्यात टाकणं हा सर्रास घडणारा प्रकार आहे आणि अधिकाऱ्याच्या नजरेतून तो सुटत नाही. फ्रीलान्सरनी प्रत्येक बिल आणि त्याची खात्यात आलेली रक्कम यांना एकच क्रमांक देऊन जोड्या लावाव्यात. माझ्या दुसऱ्या फाईलमधली ही जोड्यांची यादी बघून अधिकाऱ्याने पुढे प्रश्नच विचारले नाहीत.

विमा, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि तिकिटाचं आरक्षण याच टप्प्यावर. शेंगेनसाठी विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. घर न बघता, नुसत्या फोटोंवर, पूर्ण अनामत कुणालाही पाठवू नका. स्वस्त घराचे सुंदर फोटो दाखवून पैसे घेऊन गायब होणारे बरेच आहेत.

८. फाईल घेऊन जाण्याच्या दिवशी

लांब मुदतीच्या व्हिसाची फाईल पुण्यातल्या केंद्रावर घेतलीच जाईल असं नाही, अनेक देशांसाठी मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. बुकिंग करताना ‘राष्ट्रीय’ किंवा लांब मुदतीचा पर्याय निवडलाय ना, ते दोनदा बघा. शेंगेनची पर्यटक अपॉइंटमेंट घेऊन गेलात तर खिडकीवरून परत यावं लागेल. सकाळची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुंबईला जा. एक्स्प्रेस वेवर घाटात गाडी अडकली की वेळ हातची जाते.

सोबत हे असू द्या: पासपोर्ट आणि जुने पासपोर्ट, भरलेला फॉर्म, फोटो, कंपनीचं पत्र किंवा ग्राहकांचे करार, पगाराच्या स्लिपा किंवा बिलं, बँक स्टेटमेंट, दोन-तीन वर्षांचे आयटीआर, अपोस्टिल केलेली पीसीसी, मागितली असेल तर पदवी, नावाचं प्रतिज्ञापत्र, विमा, घराचा करार, आणि सगळ्याच्या दोन झेरॉक्स. मराठी कागदांचं प्रमाणित भाषांतर.

९. कर आणि पैसे: सीएकडे जाण्याआधी हे माहीत असू द्या

आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहिलात तर तुम्ही इथले करनिवासी. तिकडेही बहुतेक देशांत १८३ दिवसांच्या आसपास तसाच नियम आहे, थायलंडमध्ये १८० दिवसांचा. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे एकाच काळात दोन्हीकडचे करनिवासी ठरणं सहज शक्य आहे. दुहेरी कर टाळण्याचे करार असतात, पण ते आपोआप लागू होत नाहीत, कागद दाखवावे लागतात. निघण्याची तारीख ठरवण्याआधी सीएला भेटा, तिकीट काढल्यावर नव्हे. इथल्या बचत खात्याचं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करायचं का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

इथून पैसे पाठवणार असाल तर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

मोबाइल नंबर बंद होऊ देऊ नका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. निघायच्या आधी रोमिंगवर एसएमएस येतो की नाही हे कंपनीला विचारून खात्री करा.

१०. कुटुंबाला नंतर बोलावणार असाल तर

‘आधी मी जातो, मग बायको-मुलांना नेतो’ असा बेत पुष्कळांचा असतो. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२५ मध्ये परदेशी नागरिकांचा कायदा बदलला. आता कुटुंबाला नंतर बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे तिथे दोन वर्षं कायदेशीर वास्तव्य झालेलं लागतं. अपवाद आहेत, पण तुम्ही त्यात बसता का हे जाण्याआधी तपासा. माझ्या वेळी ही अट नव्हती आणि मी भेटेल त्याला ‘घरचे सहा महिन्यांत येतील’ असं सांगत होते. ज्यांनी माझं तेव्हाचं ऐकून बेत आखला आहे त्यांनी तो पुन्हा तपासून घ्यावा, आणि मुलांच्या शाळेचा दाखला तोपर्यंत काढू नये.